गावात चित्रपट निवडायचा कोणी आणि त्यावर बोलायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात दहा-बारा जणांनी मिळून चित्रपट मंडळ सुरू केलं. ग्रामपंचायतीच्या सभागृहात प्रोजेक्टर आहे. पंधरा दिवसांतून एकदा, शनिवारी रात्री नऊला चित्रपट लावतात. सुरुवातीला सभागृह भरायचं, आता मंडळाचेच लोक उरतात. तरुण पोरांना दाक्षिणात्य मारधाडीचे हिंदीत डब केलेले चित्रपट हवे असतात, दोघा-तिघांना जागतिक सिनेमा हवा असतो, आणि मतदान घेतलं की भांडण होतं. चित्रपट संपला की सगळे चपला घालून निघतात, चर्चा होतच नाही. शेवटी विचारलं आहे, "गावाला असला सिनेमा झेपत नाही असंच समजायचं का?"

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. असं मुळीच समजू नका. मी ब्रह्मपुरीकडच्या धानपट्ट्यात गावच्या वाचनालयाचं काम बघते आणि त्याच्याच जोडीने आमचं चित्रपट मंडळ चालवते. आमच्याकडे दिवाळी झाली, धान निघाले की झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या धानपट्ट्याच्या, नाटकांचा हंगाम लागतो. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाला नाटक कंपन्यांची बुकिंग होतात, गावोगाव मंडप पडतात. रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं आणि माणसं तिकीट काढून, कानाला मफलर गुंडाळून, लेकराबाळांसह ते शेवटपर्यंत बघतात. दुसऱ्या दिवशी धानाच्या चुरण्यावर, म्हणजे मळणीवर, त्याच नाटकावरून वाद रंगतो, सासूचं चुकलं की सुनेचं. जो प्रेक्षक अख्खी रात्र बसतो, त्याला दोन तासांचा चित्रपट झेपत नाही हे मला पटत नाही. कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातलं हेग्गोडू हे सुपारीच्या बागांचं लहानसं गाव. तिथे 1949 साली नीनासम ही नाट्यसंस्था सुरू झाली. पुढे के. व्ही. सुब्बण्णांनी तिथे चित्रपट मंडळही चालवलं, सत्यजित राय आणि जपानचे कुरोसावा यांचे चित्रपट गावकऱ्यांना दाखवले, आणि गावकऱ्यांनी ते बघितले. सुब्बण्णांना 1991 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तेव्हा "गाव आणि चांगला सिनेमा" हा प्रश्न आपल्या देशात कधीच सुटलेला आहे.

मग तुमचं सभागृह का ओस पडलं? मला वाटतं, तुम्ही मंडळात बसून "चांगला चित्रपट कोणता" एवढंच विचारता. त्याचं उत्तर दर माणसागणिक वेगळं येणार, म्हणून भांडण होतं. त्याऐवजी हे विचारून बघा: कोणत्या चित्रपटावर आपल्या गावाला काही सांगायचं असेल? ज्या विषयात गावातल्या माणसाला दिग्दर्शकापेक्षा जास्त कळतं, तिथे तो गप्प बसूच शकत नाही. दूध, पाणी, सावकार, शाळा, दवाखान्याची वारी, मुलीचं लग्न. चर्चा चित्रपट संपल्यावर सुरू होत नाही, ती निवडीपासून सुरू होते.

उदाहरण देते. आम्ही श्याम बेनेगलांचा 'मंथन' दाखवला. 1976 चा चित्रपट, गुजरातमधल्या 5 लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये देऊन काढलेला. त्यात बाहेरून आलेला एक डॉक्टर खेड्यात दूध सोसायटी उभी करायला बघतो. दुधाचे नमुने तपासल्यावर कळतं की खासगी डेअरीवाला लोकांना हक्काचा भाव देतच नव्हता. आमच्याकडे रोज सकाळी संकलन केंद्रावर दूध घालणाऱ्या बाया आहेत. एरवी सभेत तोंड न उघडणारी एक मावशी त्या दिवशी सगळ्यांत आधी बोलली, "आमच्या इथं तं मशीन हाये, पन फॅटचा आकडा आमाले कोनी दाखवतेच नाई." त्यावर दुसरी म्हणाली, पावती मागा. तिसरी म्हणाली, मागितली तर दूध पातळ आहे म्हणतात. अर्धा तास चित्रपट बाजूलाच राहिला असं वाटलं, पण तो राहिला नव्हता. कारण त्या मावशीनेच पुढे विचारलं, "थो डॉक्टर तं चालला गेला. मंग त्या बिंदूचं काय झालं?" बिंदू म्हणजे स्मिता पाटीलची भूमिका. शेवटी डॉक्टर गाव सोडतो आणि सोसायटी गावातलाच भोला पुढे नेतो, ती जबाबदारी त्याच्यावर येते. मावशीच्या प्रश्नामुळे सगळ्यांच्या लक्षात आलं की पुरुषांचं काय झालं ते चित्रपट सांगतो, बाईचं अर्धवट ठेवतो. ही चित्रपटसमीक्षाच आहे, आणि ती फॅटच्या आकड्यावरून आली.

आता निवडीचं भांडण. मतदान बंद करा. मतदानात नेहमी मोठा गट जिंकतो, आणि हरलेले पुढच्या वेळी येत नाहीत. आमच्याकडे पाळीपाळीने निवड होते. ज्याची पाळी त्याचा चित्रपट, बाकीच्यांनी नकार द्यायचा नाही. अट एवढीच की निवडणाऱ्याने तो आधी स्वतः पूर्ण बघितलेला असावा आणि दाखवण्याआधी उभं राहून दोन वाक्यांत सांगावं, मला हा गावासोबत का बघायचा आहे. लहान मुलं बसणार असतील तर सेन्सॉरचं प्रमाणपत्र बघायचं. 2024 पासून यूए गटात, म्हणजे मुलांनी पालकांच्या देखरेखीखाली बघायच्या चित्रपटांत, 7, 13 आणि 16 वर्षं असे टप्पे आले आहेत, त्याने काम सोपं झालं. पाळी पोरांची आली आणि त्यांनी दाक्षिणात्य मारधाड आणली, तर नाक मुरडू नका. मनापासून बघा आणि मग तितक्याच गांभीर्याने बोला. नायक मारतो तेव्हा कॅमेरा कुठे असतो? गावचा सरपंच, पाटील, पोलीस यात कसे दिसतात? नायिका किती वेळ बोलते? पोरांना या चित्रपटांची खडान्‌खडा माहिती असते. आपल्या आवडीला कोणी मान दिला हे एकदा कळलं की हीच पोरं पुढच्या वेळी 'मंथन'ला सतरंज्या टाकतात.

पाळी घरांमधून फिरवा, नुसती मंडळाच्या सभासदांत नको. मंडळात दहा-बारा पुरुष असतील तर पाळी त्यांच्यातच फिरत राहील आणि बाकीच्या गावाला ते पाहुण्यांसारखं वाटेल.

वेळेबद्दल तुम्ही काही विचारलं नाही, पण माझ्या मते रिकाम्या सभागृहाचं अर्धं कारण तिथेच आहे. शनिवारी रात्री नऊ ही पुरुषांची वेळ आहे, तीही सगळ्यांची नाही. तुमच्याकडे कापसाचा वेचा सुरू असला की बाई दिवसभर वाकलेली असते, मग घरी येऊन स्वयंपाक. हरभरा आणि गव्हाला पाणी द्यायचे दिवस असतील आणि त्या आठवड्यात पंपाची लाइन रात्रीची असेल, तर निम्मे शेतकरी ओलितावर असतात. आमच्याकडे वाघ-बिबट्याची भीती असते, अंधार पडल्यावर टोलीवरून, म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीवरून, एकटं कोणी येत नाही, म्हणून आम्ही दुपारी चारला सुरू करतो. खिडक्यांना जाड चादरी लावल्या की दिवसाही चित्र दिसतं. सप्ताह, सामुदायिक प्रार्थना, भीमजयंतीची तयारी, पोळा हे सगळं आधी पंचांगात बघून मगच तारीख ठरवा. रोवणीच्या दिवसांत आम्ही काहीच ठेवत नाही.

जागेचाही विचार करा. गावात प्रत्येक जागा कोणाची तरी असते. मंदिराच्या सभामंडपात ठेवलं की एक वस्ती येत नाही, विहारात ठेवलं की दुसरी येत नाही, पाटलाच्या वाड्यावर ठेवलं तर यायला लोक बिचकतात. ग्रामपंचायतीच्या सभागृहातही गटातटाचं राजकारण असतं, सत्तेत नसलेला गट बाहेर राहतो. आमचा अनुभव असा की जिल्हा परिषदेची शाळा सगळ्यांत चांगली, कारण तिथे प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी शिकलेलं असतं. आणि खुर्च्या नकोत. खुर्च्या मांडल्या की पहिल्या ओळीत कोणी बसायचं हे आपोआप ठरतं. सतरंजीवर सगळे सारखे.

आता तुमच्या मुख्य अडचणीकडे येते, लोक बोलत नाहीत. "कसा वाटला?" हा प्रश्न विचारणं पूर्णपणे बंद करा. त्याला "चांगला होता" एवढंच उत्तर येतं आणि माणूस चपला शोधायला लागतो. त्याऐवजी विचारा, "आत्ता डोळे मिटले तर कोणता प्रसंग दिसतो?" याला चुकीचं उत्तर असूच शकत नाही, त्यामुळे शाळा न शिकलेली आजीही सांगते. संदीप सावंतांचा 'श्वास' दाखवला तेव्हा एका म्हाताऱ्याने सांगितलं, आजोबा नातवाला घेऊन मोठ्या शहराच्या दवाखान्यात जातात आणि काय विचारायचं, कोणाला विचारायचं हेच त्यांना कळत नाही, ते दिसतं. मग नागपूरच्या दवाखान्यांतले अनुभव निघाले. कोणती चिठ्ठी कोणत्या खिडकीवर, नातेवाईक रात्री कुठे झोपतात. ऑपरेशननंतर नातवाला दिसणार नाही हे त्या पोराला कोणी आणि कधी सांगायचं, यावर मात्र घराघरांत मतभेद झाले आणि ते तसेच राहिले. चर्चेत एकमत होण्याची काही गरज नसते.

पहिल्यांदा कोण बोलतं याकडे फार लक्ष द्या. गुरुजी, सरपंच, डॉक्टर किंवा आम्ही मंडळवाले आधी बोललो की चित्रपटाचा अर्थ ठरून जातो, आणि मग बाकीचे मान डोलावतात. म्हणून या लोकांना आधीच भेटून सांगते, गुरुजी, आज तुम्ही सगळ्यांत शेवटी. ते ऐकतात. सुरुवात मुलांनी किंवा बायांनी केली की बाकीच्यांना मोकळं वाटतं. शांतता झाली तरी घाबरू नका, लगेच भाषण सुरू करू नका. गावात माणूस विचार करून बोलतो, त्याला तेवढा वेळ द्या. आणि चहा चर्चेआधी द्या. चहा शेवटी ठेवला तर सगळ्यांचं लक्ष किटलीकडे असतं.

एक गोष्ट आमच्याकडे फार उपयोगी पडली. चित्रपट संपल्यावर त्यातला तीन-चार मिनिटांचा एकच प्रसंग पुन्हा लावतो, पहिल्यांदा आवाज बंद करून, मग आवाजासह. नागराज मंजुळेंच्या 'फँड्री'त डुकरं पकडणाऱ्या कुटुंबातला जब्या नावाचा मुलगा आहे. घरचे सगळे डुकरामागे धावत असताना शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं आणि सगळे जागच्या जागी थांबतात. आवाजासह बघताना लोक राष्ट्रगीताकडे लक्ष देतात, अंग आपोआप ताठ होतं. आवाज काढला की उरतात फक्त खिळून उभी असलेली माणसं आणि त्यांच्या हातून निसटणारं जनावर. एक कॉलेजातला मुलगा म्हणाला, "हे लोक थांबले, पण यांच्यासाठी कोनी थांबते का?" हा प्रश्न आवाजासह बघताना कोणालाच पडला नव्हता. कॅमेरा, संकलन, ध्वनी यांवर व्याख्यान द्यायची गरज नाही, आवाज बंद करून एकदा दाखवा, लोक स्वतःच पकडतात.

'फँड्री'सारखा चित्रपट गावात दाखवताना हेही लक्षात ठेवा की पडद्यावरची वस्ती सतरंजीवरही बसलेली आहे. कोणाला "तुमच्याकडे असंच होतं ना?" असं विचारून उभं करू नका. ज्याला सांगायचं असेल तो सांगेल. आणि कोणी "आता असं काही राहिलं नाही" म्हणालं तर त्याला गप्प करू नका, फक्त विचारा, कधीपासून राहिलं नाही? कशामुळे गेलं? यातून जे निघतं ते ऐकण्यासारखं असतं.

शेतकरी आत्महत्यांवरच्या चित्रपटांबद्दल मला जास्त काळजी वाटते, आणि यवतमाळात तर ती घ्यायलाच हवी. सतीश मनवरांचा 'गाभ्रीचा पाऊस' आपल्याच मातीतला, आपल्याच बोलीतला आहे. शेजारच्या घरात आत्महत्या झाल्यावर नवऱ्याने काही करून घेऊ नये म्हणून बायको त्याच्यावर नजर ठेवते, पोरालाही त्याच्या मागे लावते. फार ताकदीचा चित्रपट आहे. पण तुमच्या गावात ज्या घरी असं घडलं आहे, त्या घरी आधी जा. तारीख ठरवण्याआधी जा, नंतर नको. त्यांना चित्रपट कशाबद्दल आहे ते सांगा आणि त्यांनी नको म्हटलं तर लावू नका. लावलात तर सुरुवातीलाच सगळ्यांना विषय सांगा, मध्येच उठून जायला कोणी अडवणार नाही हे सांगा, आणि टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतसेवेचा 14416 हा मोफत क्रमांक फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. त्या दिवशी चर्चा मोठ्या गोलात नको, ज्याला बोलायचं तो शेजारच्याशी बोलेल. अशा चित्रपटानंतर मी कोणाला "काय शिकलात" असं कधीच विचारत नाही.

जागतिक सिनेमावाल्या मित्रांसाठी. अडचण परदेशाची नसते, खाली धावणाऱ्या इंग्रजी ओळींची असते. आमच्याकडे एक वाचक बसतो, म्हणजे बहुतेक वेळा बसते. इराणचे माजिद मजिदी यांचा 'चिल्ड्रन ऑफ हेवन' (1997) आम्ही असाच दाखवला. बहिणीचे बूट हरवतात आणि दोघं भावंडं एकाच जोडीवर शाळा काढतात, एवढीच गोष्ट. दहावीतल्या एका मुलीने तो दोनदा बघून मराठी संवाद वहीत उतरवले. तिला तीनच नियम सांगितले होते. तीन ओळींची एक ओळ कर. नक्कल करू नकोस, साध्या आवाजात वाच. आणि पडद्यावरचा चेहरा बोलण्याशिवायच सगळं सांगत असेल तेव्हा गप्प राहा. तिसरा नियम तिने इतका छान पाळला की शर्यतीच्या प्रसंगात ती जवळजवळ काही बोललीच नाही. मुलाला तिसरा नंबर हवा असतो, कारण तिसऱ्या बक्षिसात बूट असतात, आणि तो पहिला येतो. आमची पोट्टी हळहळली. फारसी कोणाला येत होती?

मूकपटही विसरू नका. दादासाहेब फाळकेंचा 'कालिया मर्दन' 1919 चा, त्यात कृष्णाचं काम त्यांची मुलगी मंदाकिनी हिने केलं आहे. आम्ही भजनी मंडळाला पेटी-मृदंग घेऊन पडद्याशेजारी बसवलं. लोक पडद्याकडे जितके बघत होते तितकेच मृदंगवाल्याकडे.

परवानगीबद्दल थोडक्यात, कारण गावात हे कोणी सांगत नाही. मोबाइलवरच्या ओटीटीचं सभासदत्व घरच्यापुरतं असतं, ते लावून गावाला चित्रपट दाखवता येत नाही, तिकीट नसलं तरी. आपल्या कायद्यात चित्रपटाचा हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं टिकतो, म्हणून फाळकेंचे चित्रपट मोकळे आहेत. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये शाळेसाठी सवलत आहे, पण ती शाळेच्या उपक्रमासाठी, आणि प्रेक्षक फक्त विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि त्या उपक्रमाशी संबंधित माणसं असतील तरच. बाकी सगळ्यासाठी निर्मात्याला किंवा वितरकाला पत्र लिहा. गाव कोणतं, किती लोक, तिकीट नाही, हे स्पष्ट लिहा. लहान मराठी निर्माते पुष्कळदा आनंदाने हो म्हणतात.

सामानात पैसे घालायचे असतील तर प्रोजेक्टरच्या आधी आवाजावर घाला. चित्र थोडं फिकट असलं तरी लोक बघतात, संवाद कळला नाही तर उठून जातात. टिनाच्या छताखाली आवाज घुमतो, मागच्या भिंतीला गोधड्या टांगल्या की बराच फरक पडतो. पावसाळ्यात टिनाखाली काहीच ऐकू येत नाही, तेव्हा मूकपट लावा किंवा सुट्टी घ्या.

तुम्ही पुढचा शनिवार मोकळा सोडा. त्याऐवजी मंडळातल्या दोघांनी महिला बचत गटाच्या बैठकीला जावं, आधी अध्यक्ष ताईंना विचारून. 'श्वास' गावात लावायचा विचार आहे, त्यात अशी अशी गोष्ट आहे, एवढं सांगा. मग त्यांनाच विचारा, तो पूर्ण बघायला कोणता वार आणि कोणती वेळ जमेल, पोरांना कुठे ठेवता येईल, शाळा चालेल का. त्या सांगतील तो वार धरा, निर्मात्याला पत्र टाका, आणि त्यानंतर चित्रपट निवडायची पहिली पाळी त्यांच्यातल्याच एकीला द्या.